मेलबर्नला शिकायला आलात ना? मग आधी बसायला एक कॅफे शोधा (कसा, ते सांगते)

मेलबर्नमधल्या पहिल्याच आठवड्यात मी संध्याकाळी साडेचारला लॅपटॉप पाठीला लावून कॉफी प्यायला निघाले. पुण्याची सवय हो, लेक्चर संपलं की कुठेतरी टेकायचं, आणि साडेचार म्हणजे तर हक्काची वेळ. पहिला कॅफे बंद. दुसऱ्यात खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकून एक मुलगा फरशी पुसत होता. तिसऱ्याचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरले तर काउंटरवरची बाई म्हणाली सॉरी डार्लिंग, मशीन धुवून झालं. जगभर कॉफीसाठी मिरवणारं शहर आणि संध्याकाळी एक कप कॉफी मिळेना! मला वाटलं आज काहीतरी सुट्टी असेल. सुट्टी वगैरे काही नव्हती, इथे असंच असतं.

दोन वर्षं तिथे मास्टर्स केलं, ब्रन्सविकमध्ये शेअर हाऊसमध्ये राहिले, आणि त्या काळात कॅफे या विषयावर एवढे पैसे आणि एवढा वेळ घालवला की आता जुलैच्या इनटेकला कोणी ओळखीचं निघालं की हमखास मला मेसेज येतो, ताई जरा चांगले कॅफे सांग ना. नावं मी सांगेन, पण नावांनी काम होत नाही, शोधायचं कसं ते कळलं पाहिजे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी वेळ समजून घ्या

इथले बहुतेक कॅफे सकाळी सात, कधी साडेसहालाच उघडतात. किचन दोन-अडीचला बंद होतं आणि तीन ते चारच्या मध्ये शटर खाली. म्हणजे कॅफे हा प्रकार इथे सकाळचा आहे, नाश्ता आणि ऑफिसच्या आधीची कॉफी. आपल्याकडे कॉलेज सुटल्यावर कट्टा भरतो, इथे कट्टा सकाळी सातलाच भरतो आणि ऑफिसं सुटायच्या आत मोडतोही.

त्यामुळे टाइमटेबल हातात आलं की सगळ्यात आधी त्यातल्या मोकळ्या सकाळी कोणत्या ते शोधा. मंगळवारी लेक्चर अकराला आहे? मग आठ ते साडेदहा हा तुमचा कॅफेचा वेळ. संध्याकाळची सोय वेगळी करावी लागते, ती पुढे सांगते. जून-जुलैत तर सव्वापाचच्या सुमारासच सूर्य मावळतो (इथे तेव्हा हिवाळा, हे विमानात बसेपर्यंत माझ्या डोक्यात नीट शिरलंच नव्हतं), तेव्हा संध्याकाळी कुठे जायचं हा प्रश्न फार सतावतो.

मग ठरवा की कॅफे हवाय कशाला

हे लोक करत नाहीत आणि मग चुकतात. कॉफी चांगली, बसायला चांगलं, स्वस्त आणि घराजवळ, हे चारही एका जागी मिळणं म्हणजे पुण्यात डेक्कनला पार्किंग मिळण्यासारखं. मी शेवटी तीन वेगवेगळे कॅफे धरले. एक घरापासून चालत आठ मिनिटांवर, रोज सकाळी डोळे उघडायला. एक अभ्यासाला, तिथली कॉफी बरी होती पण टेबल मोठं, खिडकी मोठी आणि कोणी हाकलत नव्हतं. आणि एक भारी, महिन्यातून दोनदा, कोणाचा वाढदिवस किंवा सबमिशन झालं की. तुम्हाला कदाचित दोन पुरतील. पण एकाच कॅफेकडून सगळ्या अपेक्षा ठेवू नका, त्यातच पैसे जातात.

आता मॅप उघडा, पण बेस्ट कॅफे असं शोधू नका

बेस्ट टाकलंत की तेच ते दहा कॅफे येतात जिथे शनिवारी पाऊण तास लाइन असते आणि समोर सगळे अंड्याचे फोटो काढत असतात. त्याऐवजी घर मधोमध ठेवून चालत दहा मिनिटांच्या टापूत नुसतं कॉफी टाका. जे येतील त्यांचे रिव्ह्यू नवे आधी असे लावा, कारण मालक बदलला की दोन वर्षांपूर्वीच्या पाच स्टारला काही अर्थ राहत नाही. मग रिव्ह्यूमध्येच लॅपटॉप, वायफाय, स्टुडंट हे शब्द सर्च करा. कोणीतरी कुठेतरी कुरकुर केलेली असतेच की लॅपटॉप उघडल्यावर वेटर येऊन उभा राहिला वगैरे, तीच कुरकुर आपल्या कामाची.

फोटोत जेवण बघू नका, खुर्च्या बघा. पाठ नसलेली स्टुलं आणि वितीएवढी टेबलं म्हणजे प्या आणि निघा. पाठ असलेल्या खुर्च्या, भिंतीला लागून बाक, एखादं लांब सामायिक टेबल दिसलं तर आशा आहे. कोणीतरी मेन्यूचा फोटो टाकलेला असतो, त्यात किमती बघून घ्या. आणि गर्दीचा तासागणिक आलेख दिसतो तोही बघा. ब्रॉडशीट नावाची मेलबर्नचीच साइट आहे, २००९ पासून आहे, नवीन काय उघडलंय ते तिथे कळतं, भारी कॅफे शोधायला ती ठीक, रोजच्याला नाही.

या घरबसल्या कामातून पाच-सहा नावं काढा, जास्त नकोत.

पायी फिरा, तेही सकाळी साडेसातला

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि मला सगळ्यात आवडतो तो पण हाच. पाच-सहा कॅफेंवरून नुसते चालत जा आणि बाहेर कोण उभं आहे ते बघा. भगव्या-पिवळ्या चमकणाऱ्या जॅकेटमधले बांधकामवाले, नर्सेस, शाळेत मुलांना सोडून आलेले आईबाप अशी लोकं हातात किल्ल्या घेऊन उभी असतील तर समजा कॉफी चांगली आहे, पटकन मिळते आणि भाव डोक्यावर नाहीत. ही माणसं रोज येतात, रोज येणारा माणूस वाईट कॉफीला पैसे देत नाही. मिसळीचं कसं, गाडीवर रिक्षावाले दिसले की आपण थांबतो, तसंच.

दारावर किंवा फुटपाथवरच्या पाटीवर बऱ्याचदा एखाद्या रोस्टरचं नाव असतं, म्हणजे बिया कोणाकडून भाजून येतात ते. इंडस्ट्री बीन्स, मार्केट लेन, सेव्हन सीड्स, प्राउड मेरी, सेंट अली ही मेलबर्नमधली ओळखीची नावं. पाटीवर यातलं नाव आहे म्हणून कॉफी भारीच असेल असं नाही, पण अगदी भंगार निघण्याची शक्यता कमी.

आत डोकावलात तर दोन गोष्टी बघा. प्लग पॉइंट कुठे आहेत, आणि टॉयलेट आहे का. हसू नका. सिटीतल्या (शहराच्या मधल्या भागाला इथे सिटी म्हणतात) गल्ल्यांमधल्या चिंचोळ्या कॅफेंना बऱ्याचदा टॉयलेट नसतं, आणि थंडीत दोन कॉफ्यांनंतर हा प्रश्न फार गंभीर होतो.

पहिली ऑर्डर

पहिल्यांदा जाल तेव्हा फक्त एक फ्लॅट व्हाइट, खायला काही नाही. फ्लॅट व्हाइट म्हणजे एस्प्रेसोवर गरम दूध आणि वर पातळसा फेस. लाटे जवळपास तेच, फेस जरा जास्त आणि बहुतेक ठिकाणी काचेच्या ग्लासात. कॅपुचिनोवर फेस आणखी जास्त आणि इथे वर चॉकलेट पावडर भुरभुरवतात. लाँग ब्लॅक म्हणजे गरम पाण्यावर एस्प्रेसो, बिनदुधाची. आणि एक खास मेलबर्नची गोष्ट म्हणजे मॅजिक, डबल रिस्ट्रेटो (कमी पाण्यात काढलेला दाट एस्प्रेसो) आणि लहान कपात पाऊण भरेल एवढंच दूध. कित्येक ठिकाणी बोर्डावर लिहिलेली नसते पण मागितली की देतात. आपल्या फिल्टर कॉफीवर वाढलेल्यांना मी डोळे झाकून मॅजिक सांगते, कारण दुधात कॉफी हरवत नाही.

काउंटरवर विचारतील हॅव हिअर ऑर टेकअवे, तेही इतक्या घाईत की पहिल्यांदा मला तो एकच शब्द वाटला होता. नाव विचारतील. ऋजुता हे नाव मी दोन आठवडे प्रामाणिकपणे सांगितलं, एकदा रेजिना आलं, एकदा नुसतं आर, एकदा तर कोणाचाच कप नाही म्हणून एक कप दहा मिनिटं गार होत पडला होता तो माझाच निघाला. त्यानंतर कॉफीपुरती मी रिया.

पैसे. एक रेग्युलर कॉफी साधारण पाच-सहा डॉलरला, म्हणजे आपले तीनशेच्या आसपास. ओट, बदाम, सोया दुधाला वेगळे पैसे. बोर्डावरच्या किमतीत जीएसटी आलेला असतो आणि टिप द्यायची पद्धत नाही, मशीनवर टिपचा स्क्रीन आला तरी बिनधास्त नो दाबा. पण सरचार्ज बघा. कित्येक ठिकाणी वीकेंडला दहा टक्के आणि सार्वजनिक सुट्टीला पंधरा टक्के जास्त लावतात, कार्डाचा चार्ज वेगळा, आणि हे मेन्यूच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपची सुट्टी असते, घोड्यांच्या शर्यतीसाठी शहराला सुट्टी! त्या दिवशी आम्ही चौघी हौसेने ब्रंचला गेलो, आणि बिल बघून उरलेल्या आठवड्यात डाळभात केला.

हिशोब एकदा मांडूनच बघा. साडेपाच डॉलरची कॉफी आठवड्याचे पाच दिवस म्हणजे साडेसत्तावीस, बारा आठवड्यांच्या सेमिस्टरला ३३० डॉलर. स्टुडंट व्हिसावर लेक्चर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, तेव्हा हा आकडा लहान नाही. मी घरी मोका पॉट (गॅसवर कॉफी करायचं भांडं) घेतला, रोजची घरी आणि कॅफेत आठवड्यातून दोनदा. स्वतःचा कप नेलात तर बऱ्याच ठिकाणी पन्नासेक सेंट कमी घेतात, कॅफेत चालणारे ते झाकणवाले कीपकपसुद्धा याच शहरात सुरू झाले. शिक्क्यांचं कार्ड मागून घ्या, दहावी फुकट वगैरे असते. कॅम्पसमधल्या कॉफीलाही नावं ठेवू नका, बाहेरच्यापेक्षा थोडी स्वस्त असते आणि वायफाय आपलंच.

वायफायवरून आठवलं, इथल्या कॅफेत वायफाय असेलच असं धरून चालू नका. फोनचा हॉटस्पॉट आणि घरून पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप, ही तयारी हवीच.

बसायचं किती वेळ

लेखी नियम कुठे नाही. माझा हिशोब असा की एका कॉफीवर एक तास, दीड तास झाला की दुसरं काहीतरी घ्यायचं किंवा उठायचं. बारा ते दोन जेवणाची गर्दी, तेव्हा चौघांचं टेबल एकट्याने अडवून बसू नये. कित्येक ठिकाणी वीकेंडला लॅपटॉप नको अशी पाटीच असते. मला एका ठिकाणी (नाव नाही घेत) वेटरने काही न बोलता कप उचलला, मग ग्लास उचलला, मग टेबल पुसलं, लॅपटॉपच्या कडेकडेने, अगदी नीट. मी थिसिसच्या दुसऱ्या चॅप्टरमध्ये इतकी बुडालेले की मला वाटलं किती स्वच्छ लोक आहेत.

घरी फोन लावायचा असेल तर बाहेर जाऊन लावा, आपला आवाज व्हिडिओ कॉलवर दुप्पट होतो हे मान्य करू. भारताच्या आपण हिवाळ्यात साडेचार तास पुढे, ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच तास. म्हणजे हिवाळ्यात मी सकाळी अकराला कॉफी घेऊन बसले की साताऱ्यात साडेसहा वाजलेले, आईचा पहिला चहा चाललेला. तो कॉल मी कॅफेबाहेरच्या बाकावर घ्यायचे, तिच्या हातात कप, माझ्या हातात कप.

संध्याकाळची सोय

यासाठी लायगन स्ट्रीट. कार्लटनमधला हा रस्ता म्हणजे इटालियन लोकांचा जुना भाग, मेलबर्न युनिव्हर्सिटीपासून चालत. दुसऱ्या महायुद्धानंतर जे इटालियन इथे आले त्यांनी एस्प्रेसोची सवय लावली, आणि त्यांच्या जागा रात्रीपर्यंत चालू असतात, कॉफी, केक, जेलाटो. सिटीत बर्क स्ट्रीटवर पेलेग्रिनीज आहे, १९५४ पासूनचं, लांब काउंटर आणि स्टुलं, आत शिरलं की आपल्या इराण्याची आठवण येते, म्हणजे पदार्थांमुळे नाही, त्या जुन्या न बदललेल्या रूपामुळे. तिथे लॅपटॉप उघडणं म्हणजे पुण्याच्या गुडलकमध्ये बनमस्का समोर असताना एक्सेल उघडणं, उघडू नका.

अभ्यासच करायचाय तर खरं सांगू का, कॅफे सोडा आणि स्टेट लायब्ररीत जा. स्वान्स्टन स्ट्रीटवर, मेलबर्न सेंट्रल स्टेशनच्या समोर, फुकट, वायफाय फुकट, आणि १९१३ साली बांधून झालेली ती घुमटाखालची अष्टकोनी रीडिंग रूम. कॉफी आधी प्या, मग आत जाऊन बसा. सिटीच्या मधल्या भागात ट्राम फुकट असते, त्या हद्दीत मायकी कार्ड (ट्राम-ट्रेनचं तिकीट कार्ड) टॅपही करायचं नाही, म्हणजे जाण्यायेण्याचाही खर्च नाही. हद्द ओलांडून पुढे जायचं असेल तर मात्र टॅप करा.

सिटीत मला आवडलेल्या जागा

लिटल बर्क स्ट्रीटवर ब्रदर बाबा बुदान. एवढंसं दुकान, छताला लाकडी खुर्च्या उलट्या टांगलेल्या. नाव वाचून मी रस्त्यातच थांबले. बाबा बुदान म्हणजे आपल्या शेजारच्या चिकमगळूरचे, १७ व्या शतकातले सूफी संत, हजहून येताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि तिथल्या डोंगरात लावल्या अशी कथा सांगतात, त्या डोंगराला आज बाबाबुदनगिरी म्हणतात. या दुकानामागचीच माणसं सेव्हन सीड्स चालवतात, ते नावही त्या सात बियांवरूनच. माझ्यासोबतच्या ऑस्ट्रेलियन मुलीला हे माहीत नव्हतं, तिला मी ही कथा इतकी ताठ मानेने सांगितली की जणू बाबा माझे चुलत आजोबा.

सेव्हन सीड्सचा मोठा कॅफे कार्लटनमध्ये बर्कली स्ट्रीटवर आहे, युनिव्हर्सिटीजवळ. पॅट्रिशिया नावाच्या कॅफेत बसायला जागाच नाही, उभ्याने प्यायची, ब्लॅक, व्हाइट, फिल्टर एवढाच मेन्यू. आपल्या अमृततुल्यसारखंच म्हणा, फक्त सूटबूटवाले. क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमध्ये मार्केट लेनची कॉफी आणि त्याच मार्केटातलं गरम पालक-चीजचं बोरेक, हा माझा स्वस्तातला सगळ्यात लाडका नाश्ता, फक्त सोमवारी आणि बुधवारी मार्केट बंद असतं. डेग्रेव्ह्ज स्ट्रीट फोटोला छान, एकदा जाऊन या, रोजचं नाही ते.

आणि एकदा तरी फुट्सक्रे या उपनगरात जा. व्हिएतनामी कॉफी मिळते, कंडेन्स्ड मिल्क घातलेली, गोड आणि दणकट. तिथेच इथियोपियन हॉटेलं आहेत, काही ठिकाणी त्यांच्या पद्धतीची कॉफी करून देतात, बिया समोर भाजतात, धूर आपल्याकडे आणून वास घ्यायला लावतात, मग जेबेना नावाच्या मातीच्या सुरईतून तीन वेळा ओततात. घाईत जाऊ नका, तासभर जातो.

स्टारबक्स शोधत असाल तर एवढंच सांगते, २००८ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातली ८४ पैकी ६१ दुकानं एकदम बंद केली होती. इथल्या लोकांना कोपऱ्यावरचा ओळखीचा माणूस पाहिजे असतो.

शाकाहारी असाल तर टोस्टी (भाजलेलं सँडविच) म्हणजे हॅम-चीज असं गृहीत धरून आधी विचारा, मेन्यूवर व्ही लिहिलेलं असलं तरी त्यात अंडं असू शकतं.

आणि चहाचं काय

मला माहितीये शेवटी हाच प्रश्न येणार. बोर्डावर चाय लाटे लिहिलेलं असतं, त्यावर भाळू नका, बहुतेक वेळा तो गोड पावडर ढवळलेला दूध-प्रकार असतो. स्टिकी चाय आहे का विचारा, त्यात चहापत्ती आणि मसाला मधात भिजवलेला असतो, दुधात उकळून किटलीत देतात, सोबत गाळणी. तो आपला नाही पण पिण्यासारखा आहे. अगदी खरा हवा असेल तर ट्रेनने डँडेनाँगला, फॉस्टर स्ट्रीटवर भारतीय दुकानांची रांग आहे.

ग्रॅज्युएशनला आई आली होती. तिला मी माझ्या त्या आठ मिनिटांवरच्या कॅफेत नेलं, काउंटरवरच्या मुलाने मला बघून मॅजिकचा कप काढलासुद्धा, मला वाटलं आता आई इम्प्रेस होणार. तिने टी मागितला. ट्रे आला. एका किटलीत गरम पाणी आणि पुडी, एका बारक्या जगमध्ये थंडगार दूध, दोन साखरेच्या पुड्या. आईने सगळं एकदा नीट बघितलं, किंमत विचारली, मनातल्या मनात रुपये केले, आणि म्हणाली, "हे सगळं आपणच कालवायचं होतं तर घरूनच करून आणला असता की गं थर्मासमध्ये."